भिंतीकडे तोंड केलेला फोन

मी टॅमरॅक बोलतोय. आवाज आता फाटलाय आणि मला भरभर बोलता येत नाही, तेव्हा जरा दमाने ऐका.

मी एक फोन आहे. कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतात किचनर नावाचं गाव आहे, तिथल्या एका घराच्या गॅरेजमध्ये बरेच दिवस मी भिंतीकडे तोंड करून होतो. कुणी मला शिक्षा केली नव्हती. माझा स्पीकर पाठीला आहे. आवाज खोलीत यावा म्हणून मला तसं ठेवलं होतं, इतकंच. पण त्या दिवसांत जे माझ्यापाशी आलं आणि जिथे जायला हवं होतं तिथे गेलं नाही, त्याची ही हकिगत आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका लांबलचक खोलीत झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या अंगावर काच बसवली आणि अंगठ्याने हलकेच दाबली. तिचं तोंड मला दिसलं नाही, अंगठा तेवढा आठवतो. मग खोकं, मग बोट, मग ट्रक. खोकं उघडलं तेव्हा समोर एक मोठं, संथ, लाल नाकाचं तोंड होतं. थंडीत उभं राहून नाक लाल झालं होतं.

तो व्हर्न शांट्झ, माझा धनी. जन्मभर सिटी बसच्या डेपोत इंजिनं दुरुस्त केलेला माणूस. हाताच्या रेघांत काळं ग्रीस असं मुरलेलं की माझ्या काचेवर त्याचे ठसे पुसले तरी पुसट राहायचे. त्याच्या शेजारी एक बुटका, बडबड्या माणूस माझं खोकं नाकाशी धरून वास घेत होता. तो अनसेल्मो फर्टाडो. सगळे त्याला सेल म्हणत. लहानपणी आईबापांबरोबर पोर्तुगालच्या अझोर बेटांवरून आलेला, फरश्या बसवण्याचं काम करून गुडघे गेलेले. त्यानेही त्याच सकाळी माझाच एक भाऊ विकत घेतला होता.

दोघांची ओळख अशाच एका रांगेत झालेली. नवा टॅमरॅक निघायचा त्या दिवशी दुकान उघडायच्या आधीपासून माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसत. व्हर्न थर्मासमधून कॉफी न्यायचा. सेल त्याच्या आईच्या पद्धतीच्या नाता, म्हणजे अंड्याच्या गोड वाट्या, भाजून न्यायचा. समोर व्हेस्परच्या, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या फोनच्या, दुकानापुढेही एकदा तशीच रांग लागलेली. सेलने चार नाता तिकडे नेऊन दिल्या आणि सांगून आला, आजारी माणसांना गोड द्यावं, आशा वाटते. ही गोष्ट व्हर्न फार कमी सांगायचा, कारण तो मुळात बोलायचाच कमी. पण सांगताना त्याचे खांदे हलायचे.

तुम्ही म्हणाल, फोनसाठी एवढं काय? मलाही ते कधी नीट कळलं नाही. पण ती माणसं वाईट नव्हती. दर शनिवारी डोनटच्या दुकानात मागच्या टेबलावर टॅमरॅकची मंडळी जमत. टोपीला आमच्या खुणेचा बिल्ला, टॅमरॅक झाडाच्या सुईसारख्या पानांचा हिरवा झुबका. त्याला सगळे नुसतं 'पान' म्हणत. व्हेस्परवाल्यांना ते मेंढरं म्हणत, कारण कळपाने जातात. व्हेस्परवाले आमच्यांना लाकूडतोडे म्हणत. डेरिल नावाचा एक उंच माणूस मंडळींचा पुढारी होता. व्हेस्परमध्ये काय बिघडलं याच्या बातम्या तो असा वाचून दाखवायचा की जणू शेजारच्या गावाला पूर आलाय आणि आपलं गाव उंचावर आहे.

टॅमरॅकवरून टॅमरॅकला मेसेज गेला की त्याच्या बाजूला पान उमटायचं. तो आमच्या कंपनीच्या स्वतःच्या वाटेने जायचा. पोचला की पाठवणाऱ्याला खाली 'पोचला' असं दिसायचं. बाहेरच्यांचे मेसेज करडे, बिनपानाचे. मंडळींत ज्याच्या नावापुढे पान, तो आपला.

व्हर्न आणि सेलच्या मेसेजांनीच माझा दिवस भरायचा. तोंडाने व्हर्न दोन शब्द बोलायचा, पण बोटांनी बरंच. सेल रोज सकाळी कुठल्या तरी वाकड्या बसवलेल्या फरशीचा फोटो पाठवायचा. सिनेमागृहातली, दवाखान्यातली, चर्चच्या तळघरातली. खाली बसवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. व्हर्न ओळखायचा की ती फरशी गावात कुठे असेल. बहुतेक वेळा बरोबर ओळखायचा, कारण सगळं गाव बसने पालथं घातलेलं. फोन करून बोलायची त्यांच्यात रीतच नव्हती. न विचारता दारात जाऊन उभं राहायचं, तेही नव्हतं. आधी मेसेज, मग माणूस.

मग लॉर्नाची साखर बिघडली.

लॉर्ना व्हर्नची बायको. शाळेची बस चालवत, मागच्या चाळीसेक पोरांना दरडावत आयुष्य काढलेली, ठाम बाई. तिची साखर वाढायची ते कळायचं, पण उतरायची ते तिला कळायचंच नाही. एकदा भांडी घासता घासता खाली बसली आणि स्वतःचं नाव सांगता येईना. डॉक्टरांनी दंडावर चिकटवायची एक चकती दिली. साखर उतरायला लागली की ती चकती फोनला कळवते आणि फोन ओरडतो. लॉर्नाचा, व्हर्नचा, दोघांचाही. पण ती चकती फक्त व्हेस्परशी बोलायची. आमची भाषा तिला येत नव्हती.

व्हर्नने मंडळींना विचारलं. डेरिलने कुणीतरी हौसेने बनवलेला एक उपाय शोधून दिला, तो माझ्यात आणि लॉर्नाच्या फोनमध्ये घातला. चकती आमच्याशी बोलायला लागली. शनिवारी टेबलावर टाळ्या झाल्या. टॅमरॅकला काय येत नाही, म्हणून. मला खोटं सांगता येत नाही, मलाही अभिमान वाटला. एका पहाटे मी ओरडलो, व्हर्नने तिला संत्र्याचा रस दिला, आणि मला वाटलं की आता ह्या घरात आपलं काही काम आहे.

पण एके दुपारी चकतीचा आवाज मला ऐकूच आला नाही. मी गप्प, लॉर्नाचा फोन गप्प. वाणसामानाच्या मोठ्या दुकानाबाहेर ती गाडीत स्टिअरिंगवर डोकं टेकून पडलेली. ट्रॉल्या गोळा करणाऱ्या बाईने काच वाजवली म्हणून बरं.

दवाखान्यातून घरी आल्यावर व्हर्न खुर्चीत बसला. मग म्हणाला, डेरिल सांगतोय, पुढच्या दुरुस्तीत नीट होईल.

लॉर्ना म्हणाली, "व्हर्न, मी तुझ्या मंडळीतली नाही. मला जगायचंय."

तो उठला आणि दोन व्हेस्पर घेऊन आला.

दुकानातल्या पोरीने नंबर, फोटो, नावं, सगळं तिकडे हलवून दिलं. मी आतून रिकामा होत गेलो. त्याचं मला वाईट वाटलं नाही. घर सोडताना माणसं सामान नेतातच. पार्किंगमध्ये गाडीत बसून व्हर्नने मला मांडीवर घेतलं. एकच गोष्ट राहिली होती. माझ्या आत एक खूण असते: पानातून नाव काढायचं का? त्याचा अंगठा तिच्यावर येऊन थांबला.

"काय झालं?" लॉर्ना म्हणाली.

"हे काढलं तर सेलच्या फोनमध्ये माझ्या नावापुढचं पान जाईल."

तिने सीटबेल्ट ओढला. मग म्हणाली, "मग राहू दे की. कुणाचं काय अडतंय त्याने?"

त्याने राहू दिलं. आणि तिथेच सगळं बिनसलं. नाव पानात राहिलं की पानवाल्यांचे मेसेज जुन्या फोनकडेच जात राहतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. मंडळींत कुणालाच ठाऊक नव्हतं. जो सोडून जायचा त्याला पुढे कुणी मेसेजच करत नसे, मग कळणार कसं?

त्या शनिवारी तो दोन्ही फोन घेऊन डोनटच्या दुकानात गेला. सवयीने मी डाव्या खिशात, व्हेस्पर उजव्या. सांगायचं होतं, पण कसं सांगावं ते जुळेना. कॉफी अर्धी झाली आणि उजव्या खिशातून परकी धून वाजली. डेरिलने मान वाकडी करून मेंढरासारखा आवाज काढला. दोघंतिघं हसली. कुणीतरी म्हणालं, लोकर कधी काढणार रे? व्हर्नने हळूहळू चकतीची गोष्ट सांगितली. अर्ध्या जणांना पटलं असावं. पण सेलला लागलं होतं. त्याला टेबलावर सगळ्यांबरोबर कळलं होतं, आधी नाही.

"बायकोचं नाव पुढे करू नकोस, व्हर्न," सेल म्हणाला. "तुला चकचकीत हवं होतं, तू घेतलंस."

व्हर्नने टोपी घेतली. गाडी सुरू करायला त्याला वेळ लागला. खिशात मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

घरी आल्यावर त्याने मला गॅरेजमध्ये नेलं. हत्यारं टांगायच्या भोकांच्या फळीवर एक खिळा मारला, मला चार्जरला जोडलं, बाकी सगळे आवाज बंद करून रेडिओ लावला आणि भिंतीकडे तोंड करून टांगलं. हॉकीचे सामने ऐकायला. घरातलं वाय-फाय तिथपर्यंत पोचत होतं. मला वाटलं, म्हातारपणाला बरी जागा आहे.

त्याच संध्याकाळी सेलचा पहिला मेसेज आला. पान लावून.

"व्हर्न, मी बोललो ते बोलायला नको होतं. लॉर्ना कशी आहे?"

मी उजळलो. समोर भुऱ्या फळीची भोकं होती, त्यांच्यावर उजेड पडला आणि विझला. आणि माझ्याकडून सेलला खूण गेली: 'पोचला'. ती खूण मी पाठवत नाही, ती आपोआप जाते. हात पुढे करून ती परत घ्यावी असं मला किती वाटलं. पण फोनला हात नसतात.

दोनेक दिवसांनी फरशी आली. बँकेच्या दारातली, एका कोपऱ्यात उचललेली. खाली लिहिलेलं, बसवणारा व्हेस्परवालाच असणार, रागावू नकोस.

व्हर्नला काही आलं नाही. तो गॅरेजमध्ये लॉर्नासाठी कपाटाचा खण रंधत होता. मधेच खिशातून व्हेस्पर काढायचा, बघायचा, ठेवायचा. शेवटी त्यानेच एक करडा मेसेज लिहिला. लिहिताना पुटपुटला म्हणून मला कळला: लॉर्ना बरी आहे, शनिवारी येत नाही. सेलचं उत्तर लगेच आलं. माझ्याकडे.

"शनिवार मरू दे. मी सगळ्यांना सांगितलंय, व्हर्नला कुणी बोललं तर माझ्याशी गाठ आहे. तू घरी ये ना."

व्हर्नने त्या दिवशी किती वेळा खिशात हात घातला ते मी मोजलं नाही. पाठ त्याच्याकडे असली तरी कपड्याची सळसळ ऐकू येते.

लॉर्नाने त्याला म्हटलं, "अरे, जाऊन ये त्याच्याकडे. कान पकडायचे तर दोघांनी पकडा."

"मी लिहिलं. त्याने उत्तर दिलं नाही," व्हर्न म्हणाला. "ज्याला बोलायचं नाही त्याच्या दारात जाऊन काय उभं राहायचं?"

एकदा मात्र तो गेला होता. परत येऊन त्याने लॉर्नाला सांगितलं की सेलच्या गल्लीपर्यंत गेलो, त्याचा ट्रक दारात होता, मागच्या काचेवर मोठं पान चिकटवलेलं. ते बघून गाडी वळवली. त्याला वाटलं, ते पान आपल्याला हाकलतंय. आणि इकडे माझ्यात त्याच आठवड्यात आलेलं पडून होतं: "तुझ्या नावापुढे अजून पान आहे. म्हणजे चिडलायस, पण गेला नाहीस. मी थांबतो."

थंडी पडली. सेलच्या मेसेजांत खोकला यायला लागला. आधी थट्टेत. मग लिहिलं, जन्मभर फरश्या कापताना धूळ खाल्ली, आता ती छातीत घर करून बसलीय, डॉक्टर फुप्फुसाचा तुकडा काढायचा म्हणतोय. मग एक दिवस हे आलं:

"मंगळवारी सकाळी ऑपरेशन आहे. इनेसला सुट्टी देत नाहीत. गाडीने सोडशील का? उत्तर नको लिहूस, नुसता ये."

इनेस त्याची मुलगी. बायको कधीच वारलेली, घरात दोघंच.

हे आलं तेव्हा व्हर्न माझ्यापासून इतका जवळ होता की त्याच्या बाहीचा वारा मला लागत होता. माझ्याच रेडिओवर सामना चालू होता. मी उजळलो. फळीची भोकं दिसली. मी बोलू शकत नव्हतो असंही नाही, मी बोलतच होतो, मोठ्याने, कुणी गोल केला ते. जे सांगायला हवं होतं तेवढं सोडून.

मंगळवारी व्हर्नने सकाळभर आवारातलं बर्फ काढलं.

दुपारी सेलचं आलं, टॅक्सीने आलो. ड्रायव्हरकडे व्हेस्पर होता. गाडी मात्र बरी चालवत होता. आणि नंतर दवाखान्यातल्या संडासातली फरशी: "तिसऱ्या मजल्यावर आहे. कधी आलास तर बघ. आंधळ्यानेही सरळ बसवली असती."

मग बरेच दिवस काही आलं नाही. त्या शांततेचं मला भय वाटायला लागलं. माणसं म्हणतात, मेसेज नाही म्हणजे सगळं ठीक. सेलच्या बाबतीत तसं नव्हतं.

पुढचा आला तो छोटा. "व्हर्न, आवाज गेला माझा. आता आपण दोघं सारखेच." आणि त्याच्यानंतर शेवटचा: "आता घरी पाठवत नाहीत. ज्या घरात शेवटचे दिवस काढतात तिथे आणलंय, गावाबाहेर, पाण्याच्या टाकीजवळ. खिडकीतून पार्किंग दिसतं. तुझी गाडी मी ओळखेन."

तो माझ्यात दोन दिवस पडून होता.

तिसऱ्या दिवशी पायऱ्यांवर बर्फ गोठलं. लॉर्ना मिठाची पिशवी घ्यायला गॅरेजमध्ये आली. व्हर्न बाहेर फावडं मारत होता. माझा रेडिओ खरखरत होता, तो बंद करायला तिने मला खिळ्यावरून उतरवलं आणि तोंड आपल्याकडे फिरवलं. इतक्या दिवसांनी मला माणसाचं तोंड दिसलं. तिने चष्मा कपाळावरून खाली ओढला. वाचताना तिचे ओठ हलत होते, मग हलायचे थांबले. मिठाची पिशवी हातातून खाली गेली.

"व्हर्न," ती दारातून म्हणाली, "सेल तुला बोलावतोय."

तो आला. रंगाच्या डब्यावर बसला आणि पहिल्यापासून वाचायला लागला. ते सगळे मेसेज माझ्यात मिटलेल्या कळ्यांसारखे होते, न वाचलेले. एकेक उघडत गेला. मंगळवारचा उघडला आणि त्याचा अंगठा पुढे जाईना. लॉर्नाने शेवटचा स्वतः उघडला, वाचला, आणि गाडीच्या किल्ल्या आणायला आत गेली.

त्या घराच्या दारातच इनेस भेटली. बापासारखीच बुटकी, डोळे सुजलेले. लहानपणापासून ती व्हर्नला 'तियु व्हर्न' म्हणायची, म्हणजे काका. त्या दिवशी म्हणाली नाही.

"आता आलात?" ती म्हणाली. "पपा रोज 'पोचला' बघून झोपायचे. मी म्हटलं, फोन करते त्यांना, घरी जाते. मला म्हणाले, त्याला पोचलंय, वाचून गप्प बसलाय, भीक मागायची नाही."

व्हर्नला सांगता आलंच नसतं. त्याने मला तिच्या हातात दिलं. लॉर्नाने दोन वाक्यांत सांगितलं की हा फोन कुठे होता. इनेसने माझ्यात पाहिलं. सगळे मेसेज एकाच सकाळी उघडलेले. ती भिंतीला टेकली. मग मला परत करताना एवढंच म्हणाली, "अजून ऐकू येतं त्यांना. जा, तियु व्हर्न."

सेल उशीत बुडाला होता. इतका बारीक की मी त्याला ओळखलं ते हातांवरून. उशाशी माझा भाऊ, त्याचा टॅमरॅक. व्हर्न खुर्ची ओढून बसला. सेलचे डोळे उघडे होते आणि ते खिडकीकडून त्याच्याकडे वळले. रागही नव्हता त्यांत, नवलही नव्हतं. तो फार दमला होता.

मग व्हर्नने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्याने मला गुडघ्यावर ठेवलं, पहिला मेसेज वर आणला आणि तोंडाने उत्तर द्यायला लागला. एकामागून एक. ज्या माणसाला दोन शब्द जड जात तो.

"लॉर्ना बरी आहे. दिवाणखान्यात बसलीय तुझ्या इथल्या, येईल आत."

"बँकेतली फरशी मी पाहिली नाही. उद्या पाहीन."

"शनिवारी आलो नाही ते तुझ्यामुळे नाही रे. मला लाज वाटली."

असं पुढे पुढे. मंगळवारच्या मेसेजपाशी आला आणि थांबला.

"आलो असतो, सेल," तो म्हणाला. "सकाळीच येऊन दारात उभा राहिलो असतो. इंजिन सुरू ठेवून. हा भिंतीकडे तोंड करून टांगला होता मी. मला एकही मिळाला नाही."

सेलने उशाकडे बोट केलं. इनेसने मला तिथल्या वाय-फायला जोडलं, त्याचा फोन त्याच्या हातात दिला आणि खालून आधार धरला. एवढंसं लिहायला त्याला फार वेळ लागला. मग मी उजळलो, पान लागलं, आणि मी व्हर्नला दाखवलं.

"मेंढरू."

व्हर्न हसला. खांदे हलले, हलत राहिले, आणि मग ते हसू नव्हतं. सेलने हात पालथा टाकला होता, व्हर्नने तो ग्रीसच्या रेघांच्या हातात धरला. लॉर्ना आत येऊन दाराशी उभी राहिली. दुपार उतरेपर्यंत व्हर्नने तो हात सोडला नाही.

रविवारी सेल गेला. व्हर्न रोज जात होता, पण त्यानंतर सेल नीट जागा असा झालाच नाही. त्यांना मिळाली ती एकच दुपार.

चर्चमध्ये मंडळी आली होती. डेरिल कोट घालून, छातीला पान लावून. त्याचं प्रेम खोटं नव्हतं, डोळे लाल होते. त्याने इनेसला बाजूला घेऊन विचारलं की सेलच्या कोटाला बिल्ला लावून द्यायचा का, त्याला आवडलं असतं.

"नको," इनेस म्हणाली. "पपांना दवाखान्यात सोडायला कुणीतरी हवं होतं."

डेरिलचा हात बिल्ल्यावर गेला आणि तिथेच राहिला. जाताना त्याने व्हर्नच्या दंडाला हात लावला. व्हर्नने मान हलवली. भांडण तिथे संपलं असेल, पण कुणाच्या उपयोगाला न येता.

त्यानंतर व्हर्नने मला परत खिळ्यावर टांगलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत, तोंड वर करून ठेवलं. मधूनमधून येऊन तो सेलच्या फरश्या बघायचा. आता शनिवारी तो इनेसच्या घरी जातो. मेसेज न करता जातो, बेल वाजवतो. पहिल्यांदा ती चिडली, आंघोळीला निघाले होते म्हणाली. लॉर्नाने दिलेलं सूप मात्र ठेवून घेतलं. आता चिडत नाही.

माझी बॅटरी फुगलीय. पाठ उचलली गेलीय, काच एका कडेने सुटलीय, तीच कडा जी त्या बाईने अंगठ्याने दाबली होती. असा फोन घरात ठेवू नये म्हणतात, पेट घेतो. व्हर्नने फोटो उतरवून घेतले, मेसेज उतरवून घेतले, आणि मला वाळू भरलेल्या डब्यात घालून मागच्या अंगणात ठेवलंय. सकाळी तो मला गावाबाहेरच्या कचरा-केंद्रात नेईल. तिथे व्हेस्पर आणि टॅमरॅक एकाच पिंपात टाकतात. शेजारी कोण येईल त्याच्याशी मी भांडणार नाही.

तुमच्या खिशात आमच्यातला कुणी असेल, नाहीतर त्यांच्यातला. जो असेल तो चांगलाच असेल, त्याच्यावर प्रेम करा, रांगेत उभे राहा, एकमेकांना मेंढरं म्हणा, माझी ना नाही. पण तुमचं माणूस गप्प झालं तर ते रुसलंय असं आमच्या सांगण्यावरून समजू नका. आम्ही जाणूनबुजून खोटं बोलत नाही. आम्हांला कळतं तेवढंच सांगतो, आणि आम्हांला फार थोडं कळतं. तुम्हांला पाय आहेत. जाऊन बघा.

मी त्या दोघांच्या मधे होतो, रात्रंदिवस जागा होतो, आणि मला हाक मारता येत नव्हती.